बत्तिसावा आठवडा लागलाय, आता पुढे काय काय होणार?

चिंचवडकरीण
नमस्कार मंडळी. पहिलंच बाळंतपण आहे. सोनोग्राफी ठीक, बाळाचं डोकं खाली. हिमोग्लोबिन तेवढं १०.२ आलंय. मध्येच पोट घट्ट होतं आणि आपोआप सुटतं, रात्री पोटऱ्यांत वांब येतात, जेवलं की छातीत जळजळ. डॉक्टर म्हणाल्या "नॉर्मल आहे", आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाई म्हणतात नववा लागला की बाळाला जागा राहत नाही, हालचाल कमी होते, घाबरायचं नाही. आई फोनवर रोज विचारते तूप पितेस ना, बाळ सुटसुटीत येतं. माहेर लातूरला. कधी निघू? आणि कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं?

दोघांची आई
झोपेचं नाव काढू नकोस आता. रात्रीतून चार वेळा बाथरूम, कूस बदलायची तर आधी उशी हलवा मग पोट हलवा. मला आठव्यातच ब्लाऊजवर चिकाचे डाग पडायला लागले, कुणी सांगितलंच नव्हतं असं होतं म्हणून. ते चालतं. जळजळीसाठी रात्रीचं जेवण साडेसातला उरकायचे आणि लगेच आडवं व्हायचं नाही. बाकी सिस्टर मावशी सांगतीलच, त्यांची वाट बघ.

सिस्टर मावशी (निवृत्त)
आले गं. माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये गेली, त्यामुळे जरा स्पष्ट बोलते.

आधी सासूबाईंचं. त्यांचा मान ठेव, पण हे ऐकू नकोस. शेवटी बाळाच्या हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेपेक्षा वळणं, ढोसणं जास्त जाणवतं. पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. "जागा नाही म्हणून शांत आहे" असं म्हणत दोन दिवस घरी बसून आलेल्या बायका मी पाहिल्यात. पुढचं लिहीत नाही. जेवल्यावर कुशीवर पड, मोबाईल बाजूला ठेव आणि मोज. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेकींना त्याच्या आतच होतात. नाही झाल्या, किंवा रोजच्यापेक्षा बाळ गप्प वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. रात्रीचे दोन वाजले असतील तरी. तिथली सिस्टर कुरकुरली तर कुरकुरू दे.

आता कळा. कळ आली की बोटांची टोकं पोटाच्या वरच्या भागावर ठेवून दाबून बघ. आम्ही नव्या मुलींना शिकवायचो: नाकाच्या शेंड्याइतकं मऊ लागलं तर हलकी कळ, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं कडक, बोट आत जातच नाही, तर जोराची. तुझं मध्येच घट्ट होऊन सुटतं ना, त्या सरावाच्या कळा. पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं, कूस बदलली की जातात. खऱ्या कळा काही केल्या जात नाहीत. त्या जवळजवळ येत जातात, जोर वाढतो, बऱ्याचजणींना कमरेतून पुढे येतात. पहिलटकरणीने दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर चालू राहिल्या की निघावं. पण हे ३७ आठवड्यांनंतरचं. त्याआधी नियमित कळा आल्या तर मिनिटं मोजत बसू नकोस, सरळ जा.

पाणी गेलं तर कळा नसल्या तरी जायचंच. हिरवट किंवा तपकिरी असेल तर धावत. अंगावर लाल गेलं तरी लगेच जायचं. कमी न होणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, एकाएकी चेहरा-हात सुजणं: ही बीपीची लक्षणं असू शकतात. संध्याकाळी नुसते पाय सुजले तर तेवढं घाबरू नकोस. तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली, पुरळ मात्र नाही, तर तेही डॉक्टरांना सांग, लिव्हरची तपासणी करतात.

१०.२ म्हणजे कमीच. लोहाची गोळी चहाबरोबर घेत असशील तर बंद कर, लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला, दोन्ही एकत्र नको. तूप वरणभातावर घे आणि आईला हो म्हण. त्याने वाट तुपकट होत नसते, वजन वाढतं.

वांब आला की गुडघा ताठ ठेवून पंजा स्वतःकडे ओढायचा. झोप कुशीवर. पाठीवर जाग आली तर रडायला बसू नकोस, पुन्हा वळ.

लातूरला चौतिसाव्याच्या आसपास निघ, पण आधी डॉक्टरांना विचारून. शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नकोस. गाडीत पट्टा लावायचा, खालचा पोटाच्या खालून, तिरका छातीच्या मधून. दर तास-दीड तासाने उतरून चालायचं. फाईल डिकीत नको, हातातल्या पिशवीत.

चिंचवडकरीण
मावशी, सासूबाईंनाच वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आमच्या वेळी कोण मोजत होतं." पण आज जेवण झाल्यावर त्याच घड्याळ घेऊन शेजारी बसल्या. एक राहिलं, रजा आधी किती घेता येते? आणि माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अठ्ठाविसाव्यात इंजेक्शन झालंय.

हिशेबनीस
पहिल्या बाळाला पगारी रजा २६ आठवडे, त्यातले प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ८. आधी कमी घेतलीस तर उरलेली नंतर मिळते. मागच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. एचआरला लेखी दे, तोंडी नको.

सिस्टर मावशी (निवृत्त)
रक्तगट आधी सांगायचास की गं! बाळ पॉझिटिव्ह निघालं तर अँटी-डीचं इंजेक्शन (तुझ्या शरीराने बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध लढायला शिकू नये म्हणून देतात ते, अठ्ठाविसाव्यात झालं तेच) तुला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत परत लागेल. लातूरला पोचलीस की लगेच नाव नोंदवून हे सांग, इंजेक्शन तिथे असतं की बाहेरून आणावं लागतं ते विचार. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने रक्तगट लिही, आणि बाळाचा गट तपासायला रक्त घेतलं का, हे विचारायचं काम नवऱ्याकडे दे.