पेंटर यायच्या आधी घरात काय काय करून ठेवायचं?

विजापूररोडकर: दसरा झाला की घराला आतून रंग द्यायचाय. पुट्टी, प्रायमर आणि दोन कोट असं पेंटरशी ठरलंय. आम्ही घरातच राहणार, आई-वडील आहेत, मुलगी दोन वर्षांची. आधी आपण काय करून ठेवायचं, का सगळं तेच बघतात?

होटगीरोडची ताई: ते रंगाचं बघतात ओ, सामानाचं आपल्यालाच बघावं लागतं. सगळं घर एकदम काढू नका, एकेक खोली करायला सांगा. खरा त्रास रंगाचा नसतोच, पुट्टी घासताना जी पांढरी धूळ उडते तिचा असतो, बंद कपाटातल्या साड्यांपर्यंत जाते ती, म्हणून कपाटाच्या फटींना टेप मारा आणि टीव्ही, फ्रीज, एसी प्लास्टिकमध्ये गुंडाळा. आपल्याकडं घरोघरी जुन्या चादरी असतात म्हणून नुसत्या त्याच सामानावर टाकू नका, रंग झिरपतो खाली. देव आदल्या दिवशीच दुसऱ्या खोलीत हलवा. आणि किचनची तेलकट भिंत साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा, नाहीतर प्रायमर धरत नाही.

पेठेतला: पाणी!! आपल्याकडं नळ रोज येत नाही आणि पुट्टी कालवायला, ब्रश धुवायला पाणी लागतंच, एक पिंप वेगळं भरून ठेवा. भिंतीला कुठं ओल, पोपडे आहेत का तेपण आत्ताच बघा.

सात रस्ता: घर किती जुनंय? घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 च्या वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झालाय, त्याच्या आधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. जुना रंग कोरडा घासू देऊ नका, ओला करून घासायला सांगा, नंतर झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा. मुलीला त्या दिवसांत घरात ठेवूच नका, कळकळीनं सांगतोय.

विजापूररोडकर: घर 1996 चं आहे, दारं-खिडक्या ऑइलपेंटच्याच. मुलीला बार्शीला मामाकडं पाठवतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल आहे पण, पेंटर म्हणतो पुट्टीत झाकून जाईल.

पेठेतला: नाही जात, पुढच्या पावसाळ्याच्या आत परत पोपडे धरतील. आधी प्लंबरला बोलवून गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, त्यासाठी काम दिवाळीनंतर गेलं तरी चालेल. पेंटरला आजच फोन करा, म्हणजे तो मधे दुसरं काम घेईल.