स्वाइन फीव्हरच्या नव्या लसीची चाचणी आमच्या फार्मवर होणार आहे. होकार देण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : वराहपालक, जालना जिल्हा

सर्वांना नमस्कार. जालना जिल्ह्यात आमचा वराहपालनाचा व्यवसाय आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या चाळीसेक माद्या, त्यांची पिल्ले आणि विक्रीसाठी वाढवलेला माल असा आमचा कळप असून खाद्यात मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड आणि डाळमिलची चुरी असते. एका लसनिर्मिती कंपनीचे प्रतिनिधी नुकतेच येऊन गेले. स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगावरील त्यांच्या नव्या जिवंत लसीची चाचणी आमच्या फार्मवर घेण्याची त्यांची इच्छा आहे. लस विनामूल्य मिळेल आणि चाचणीच्या काळातील औषधपाण्याचा खर्चही कंपनी करील, असे त्यांनी सांगितले. लस प्रयोगशाळेत सुरक्षित ठरली आहे, हे वाक्य त्यांच्या बोलण्यात वारंवार आले. कागद मात्र अद्याप एकही दाखवलेला नाही.

प्रयोगशाळेत सुरक्षित ठरली म्हणजे नेमके काय तपासले गेले, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि त्या दिवसांत लस न देताही जनावरे खाणे कमी करतात, धापा टाकतात, एखादी गाभण मादी गाभडते. अशा वेळी लसीमुळे काय झाले आणि उन्हामुळे काय झाले, हे कोणी आणि कसे ठरवायचे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. कळपावर घर चालते, त्यामुळे घाईने सही करण्याची माझी तयारी नाही.

उत्तर : पशुवैद्यक, उदगीर

आपण सही करण्याआधी विचारणा केली, हे फार चांगले झाले. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण कंपनीकडे कोणते अहवाल मागायचे हे त्यातूनच आपल्याला कळेल.

जिवंत लसीत रोगाचाच विषाणू असतो, फक्त तो दुबळा केलेला असतो. स्वाइन फीव्हरचा विषाणू पूर्वी सशांमधून पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला जात असे आणि आपल्याकडे अनेक दशके सशांच्या प्लीहेपासून तयार केलेली लस वापरात होती. एका सशापासून जेमतेम पन्नास मात्रा मिळत असल्यामुळे ती कधीच पुरेशी पडली नाही. पुढे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, वाढणारी लस विकसित केली आणि ती 2020 मध्ये जाहीर झाली. आपल्याकडे आलेली लस कोणत्या विषाणूपासून आणि कशावर वाढवून तयार केली आहे, हा म्हणूनच पहिला प्रश्न असायला हवा.

त्यानंतर शुद्धतेचा अहवाल पाहावा. पेशीसंवर्धनात गाय-वासरांच्या रक्तातील सीरम वापरतात आणि त्यातून गुरांच्या बीव्हीडी रोगाचा विषाणू लसीत शिरण्याचा धोका असतो. हा विषाणू स्वाइन फीव्हरच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे आणि दूषित लसींमुळे डुकरांच्या कळपांचे नुकसान झाल्याची उदाहरणे जगभरच्या पशुवैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. लसीची जी खेप आपल्या फार्मवर येणार आहे, त्याच खेपेचा अहवाल मागावा. आधीच्या खेपेचा दाखवून उपयोग नाही.

प्रत्यक्ष जनावरांवरील सुरक्षिततेच्या चाचण्यांसाठी व्हीआयसीएच या पशुऔषधांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार सर्वांत संवेदनशील वयाच्या जनावरांचा साधारण आठ-आठचा गट घेतात आणि प्रत्येक टोचणीनंतर 14 दिवस रोज ताप, खाणेपिणे आणि सुईची जागा तपासतात. दुबळ्या केलेल्या विषाणूत रोगकारक शक्ती थोडीही शिल्लक असल्यास नेहमीच्या दहापट मात्रा देऊनही पाहतात. पैदाशीच्या माद्यांसाठी लस वापरायची असेल, तर गर्भारपणाच्या ज्या टप्प्यात ती देणार त्या टप्प्यात टोचून विण्यापर्यंत निरीक्षण करावे लागते. डुकरीण सुमारे 114 दिवसांनी विते. त्यामुळे ही चाचणी दोन आठवड्यांत उरकली, असे कोणी म्हणाल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चाचणी विषाणू पुन्हा मूळ तीव्रतेकडे वळतो का, हे पाहणारी आहे. लस दिलेल्या जनावरातून विषाणू घेऊन तो दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा ओळीने पाच गटांत उतरवतात आणि शेवटच्या गटात रोगाची लक्षणे दिसतात का ते तपासतात. ही काळजी निराधार नाही. डेन्मार्कमध्ये 1996 मध्ये पीआरआरएस या डुकरांच्या प्रजनन व श्वसनाच्या रोगाची जिवंत लस दिल्यानंतर लसीतला विषाणू लस न दिलेल्या जनावरांत पसरला, पुन्हा तीव्र झाला आणि माद्यांच्या कळपांत गर्भपात आणि पिल्लांची मर दिसू लागली. लस वेगळी आणि रोगही वेगळा होता. पण जिवंत लसीला हा प्रश्न विचारायचा कशासाठी, हे त्यावरून समजते.

परवानगीच्या बाबतीत, आपल्या देशात पशुवैद्यकीय लसी 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. चाचणीसाठी केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिलेल्या परवानगीची प्रत मागा आणि तीवर आपल्या फार्मचा किंवा निदान चाचणीच्या स्थळाचा उल्लेख आहे का, ते पाहा.

उत्तर : कृषी सांख्यिकीचे प्राध्यापक, परभणी

डॉक्टरसाहेबांनी प्रयोगशाळेची बाजू नीट मांडली आहे. मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण बहुतेक चाचण्या तिथेच फसतात.

ऊन की लस, याचा निकाल लावण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. त्याच शेडमध्ये, त्याच दिवसांत, तेच खाद्य खाणारी, पण लस न दिलेली जनावरे शेजारी असली पाहिजेत. अशा गटाला आम्ही तुलनागट म्हणतो. लस दिलेल्या गटात पाच जनावरांनी खाणे सोडले आणि तुलनागटातही पाचांनीच सोडले, तर कारण बहुधा उन्हात आहे. तुलनागटच नसेल, तर पाच या आकड्याला काहीही अर्थ उरत नाही आणि मग ज्याच्या हातात अहवाल त्याचे म्हणणे खरे, अशी स्थिती होते. कंपनी सगळ्याच कळपाला लस टोचणार असेल, तर ती चाचणी नव्हे, वाटप आहे.

गट पाडण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. एकाच मादीची पिल्ले एकमेकांसारखी असतात. एखाद्या वेताची पिल्ले मुळातच अशक्त असतात. म्हणून प्रत्येक वेतातील निम्मी पिल्ले लसीच्या आणि निम्मी तुलनागटाच्या वाट्याला चिठ्ठ्या टाकून द्यावीत. जाड दिसतील ती लसीला आणि रोड दिसतील ती तुलनेला, अशी निवड कोणालाही, अगदी आपल्या गड्यालाही, करू देऊ नये.

जिवंत लसीच्या बाबतीत येथे एक पेच आहे. दोन्ही गट एकाच कप्प्यात ठेवले, तर लसीचा विषाणू विष्ठा-लाळेतून तुलनागटात जाऊ शकतो आणि तुलना बिघडते. गट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले, तर कप्प्यांमधला फरक आडवा येतो. आपल्याकडील पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेकडचे कप्पे दुपारनंतर अक्षरशः तापतात. पत्र्याखाली उभे राहिले तरी डोके भणभणते, आणि पूर्वेकडच्या कप्प्यांत त्याच वेळी जनावरे निवांत पडलेली असतात. सगळे लसीकरण पूर्वेला आणि तुलनागट पश्चिमेला गेला, तर लस आपोआप निर्धोक ठरेल. त्यामुळे भरीव भिंतींचे अनेक कप्पे घेऊन कोणत्या कप्प्यात कोणता गट हेही चिठ्ठीनेच ठरवावे आणि पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंना दोन्ही गट येतील, असे पाहावे. तुलनागटाला नुसते द्रावक, म्हणजे लस ज्यात मिसळतात तो द्रव, टोचावे, म्हणजे पकडापकडीचा ताण दोघांनाही सारखाच बसेल. रोज नोंद करणाऱ्या माणसाला कोणत्या कप्प्यात लस आहे, हे माहीत नसेल तर उत्तमच.

आता संख्येविषयी. तीनशे जनावरांना लस दिली आणि एकही दगावले नाही, तरी शंभरात एक दगावण्याचा धोका नाही, असे खात्रीने म्हणता येत नाही. साठ जनावरांत एकही दगावले नाही, तर वीसात एकाचा धोकासुद्धा नाकारता येत नाही. तीनला जनावरांच्या संख्येने भागले की साधारण ही मर्यादा मिळते. आपल्या एका फार्मवरून लस सुरक्षित असल्याचे सिद्ध होणार नाही. मोठा दोष असेल तर तो मात्र दिसेल. दुर्मीळ दोष अनेक फार्मच्या नोंदी एकत्र केल्यावरच कळतात आणि म्हणून आपली प्रत्येक नोंद, नको असलेलीसुद्धा, कंपनीने कळवलीच पाहिजे, असे करारात लिहून घ्यावे.

उत्तर : वराहपालक, लातूर जिल्हा

दादा, प्राध्यापक महोदयांचे म्हणणे मी अनुभवाने सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कंपनीने लसीची चाचणी घेतली होती. टोचण्याच्या दिवशी गाडीभर माणसे आली, फोटो काढले आणि त्यानंतर फोनसुद्धा आला नाही. चौथ्या दिवशी काही जनावरांच्या मानेवर लिंबाएवढ्या गाठी आल्या. त्या लसीमुळे आल्या की सुईमुळे, याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही, कारण आमच्याकडे कसलीही लेखी नोंद नव्हती आणि त्यांच्याकडे काय होती ते त्यांनी दाखवले नाही.

म्हणून टोचण्याच्या आधीचा निदान एक आठवडा नोंदीसाठी राखून ठेवा. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला असावा आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी गुदद्वारात तापमापक लावून ताप लिहावा. निरोगी डुकराचा ताप 102 ते 103 अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो, पण आमच्या भागात मे महिन्यात दुपारी घेतलेला ताप नेहमीच जास्त येतो. वेळ रोज तीच ठेवावी. वजन टोचण्यापूर्वी आणि नंतर दोन आठवड्यांच्या अंतराने घ्यावे, कारण ताप उतरल्यावरही वाढ खुंटलेली असेल, तर ते वजनातच दिसते. आमच्यासारख्यांचे नुकसान तिथेच होते.

लसीची पेटी आली की सर्वप्रथम बर्फ पाहा. नुसते गार पाणी उरले असेल, तर लस परत करा. कुपीवरील खेप क्रमांक आणि मुदत यांचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. द्रावक मिसळल्यावर जिवंत लस लवकर निकामी होते, म्हणून सगळ्या कुप्या एकदम फोडू देऊ नका. टोचणी पहाटे करा आणि शेवटच्या जनावरानंतर निदान तासभर डॉक्टरांना अॅड्रेनालिनसह, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीवरील तातडीच्या इंजेक्शनसह, फार्मवर थांबवा. जनावर एकाएकी कोसळण्याचा प्रकार घडला, तर तो बहुधा त्याच वेळात घडतो.

भरपाईविषयी तोंडी बोलणे ऐकू नका. दगावलेले जनावर, गाभडलेली मादी आणि खुंटलेली वाढ यांचा दर आधीच लिहून घ्या. मेलेल्या प्रत्येक जनावराचे शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडून व्हावे, अशी अट घाला. तुलनागटाला चाचणी संपताच मान्यताप्राप्त लस देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाका, कारण तोवर ती जनावरे उघडी राहणार आहेत आणि आसपास रोग आला तर पहिली तीच जातील. विक्रीचा माल किती दिवस बाजारात नेता येणार नाही, हे तर विसरूच नका. व्यापारी थांबत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. परवानगीची प्रत, खेपेचा अहवाल आणि तुलनागट या तीन गोष्टींशिवाय पुढे बोलणे होणार नाही, असे मी कंपनीला कळवले आहे. चाचणीही उन्हाळा टाळून घ्यावी, अशी विनंती केली आहे. आणखी एक शंका आहे. जनावरे न्यायला येणारा एक व्यापारी म्हणाला की आफ्रिकन स्वाइन फीव्हरचीही परदेशी लस आता मिळते आणि तो ती आणून देऊ शकतो. डॉक्टरसाहेब, यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : पशुवैद्यक, उदगीर

ती कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर आणि आपला नेहमीचा स्वाइन फीव्हर हे दोन पूर्णपणे वेगळे विषाणू आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. आफ्रिकन स्वाइन फीव्हर आपल्या देशात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा आढळला. व्हिएतनामने 2022 मध्ये त्यावरील जिवंत लस बाजारात आणली आणि त्याच वर्षी लस दिलेली डुकरे मोठ्या संख्येने मेल्यामुळे तिचा वापर काही काळ थांबवावा लागला. ज्या वयाच्या आणि प्रकारच्या जनावरांसाठी लस तपासलेली नव्हती, त्यांनाही ती टोचली गेल्याचे तेव्हा पुढे आले. पुढील वर्षी तेथे पुन्हा परवानगी मिळाली खरी, पण ती त्या देशातील निरीक्षणाखालच्या वापराची गोष्ट आहे. व्यापाऱ्याच्या थर्मासमधून आलेल्या कुपीत कोणता विषाणू आहे, हे आपल्याला कोण सांगणार? जिवंत विषाणू एकदा कळपात शिरला की तो शेजारच्या गावातही जातो.

यासंदर्भात चाचणीच्या काळातील एक धोकाही लक्षात ठेवा. दोन्ही रोगांत तीव्र ताप, कान व पोटावर लाल-जांभळे चट्टे, मागचे पाय लटपटणे आणि गर्भपात ही लक्षणे सारखीच असतात. डोळ्यांनी भेद करता येत नाही. जुन्या पद्धतीच्या जिवंत लसीनंतर रक्तातील प्रतिपिंडे पाहूनही जनावर लसीचे की रोगाचे, हे ओळखता येत नाही. म्हणून लक्षणे दिसताच, लसीची प्रतिक्रिया असेल असे समजून वाट पाहू नका. जनावरांची ने-आण थांबवा आणि ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्यानुसार ते मालकाचे कर्तव्य आहे. नमुन्यांत विषाणूचे जनुकीय अंश तपासून रानटी विषाणू आणि लसीचा विषाणू वेगळे ओळखता येतात. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा संशय असल्यास नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवले जातात. ही तपासणी कोणी करायची आणि नमुने पोहोचवण्याचा खर्च कोणी द्यायचा, हे दोन्ही मुद्दे कंपनीच्या करारात आजच घालून घ्या.