टाके सिस्टरने घातले तर बिघडतं कुठे?

देवगडकर: पुतण्याचा तळहात शहाळं तासताना कोयत्याने कापला. जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर एकच, ते बाळंतपणात अडकलेले. सिस्टरनी जखम धुऊन दाबून बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढचा दीड तास आम्ही बाकावर. इंग्लंडात खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्स अशी जखम स्वतः तपासतात, शिवतात आणि पेशंटला घरी पाठवतात. आपल्याकडे वीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला तेवढंही करू देत नाहीत!

रापणवाला: तळहात म्हणजे गोणपाट नव्हे. भूल देण्याआधी एकेक बोट वेगळं वाकवून बघायचं, टोकाला स्पर्श कळतो का ते विचारायचं. माझ्या चुलतभावाचे टाके वरून सुरेख होते, आत कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, तुटलेली. शेवटी गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठावं लागलं. सिस्टरच्या हातून असं झालं तर केसपेपरवर सही कुणाची?

माडाखाली: आणि ते सुरेख टाके घातले होते कुणी?

रापणवाला: डॉक्टरनेच. म्हणून तर म्हणतो, शिकलेल्याची नजर चुकते तिथे कामाचा भार खाली ढकलू नका.

तिठ्यावरचो: म्हणजे डॉक्टर येयसर हात धरून बसान रवाचा?

निवृत्त सिस्टर: तुमचं सगळं भांडण टाक्यांवर. जखम धुतली कशी, हे कुणीच विचारत नाही. माझ्या नोकरीत डॉक्टर सुई घेऊन पाच मिनिटांत मोकळे. त्याआधी हळद, चुना, तंबाखू खरवडून काढायचं काम ड्रेसरचं, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्याचं, नाहीतर आमचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आला की नातेवाईक खूश! त्याने चांगल्या पेशीही मरतात. सलाईन, ते नसेल तर नळाचं स्वच्छ पाणी, पण भरपूर आणि जोरात.

आणि प्रत्येक जखम शिवायची नसते. शिंगाळा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवायचा. पाणी दुसऱ्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर वरून शिवून पू कोंडायचा का? कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, मग लस, कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरमही. टाके शक्यतो नाहीतच. हे ठरवायला डॉक्टर हवेत. डोक्याची किंवा पोटरीची साधी, वरवरची चीर मात्र शिकवलेली सिस्टर शिवेल.

देवगडकर: मग तसं लेखी द्यावं ना! हात, चेहरा, सांधा, चावा हे डॉक्टरकडे, बाकी सिस्टरकडे.

रापणवाला: लेखी देऊन वर डॉक्टरचं पदच रिकामं ठेवतील. सिस्टर आहेत ना, म्हणतील.

निवृत्त सिस्टर: त्याआधी ड्रेसरचं पद भरा. जखम धुवायला माणूस नाही, आणि शिवायचं कुणी यावर वाद.