हिवाळ्याची हस्तकला म्हणजे स्नोमॅनच का?

गड्डेकर: कालची पोस्ट बघितली ना? ‘दुसरी-तिसरीसाठी हिवाळी हस्तकला’: कापसाचा स्नोमॅन, कागदी हिमकण, पेंग्विन. खाली लाइकच्या बदामांचा पाऊस. अहो, सोलापुरात बर्फ दिसतो तो सरबताच्या गाड्यावर, तोही एप्रिलात! आपला हिवाळा म्हणजे हुरडा, भोगीची भाजी, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे. हे काढायला सांगा की पोरांना. उजनी धरणावर हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात आणि आम्ही चिकटवतोय पेंग्विन. आपल्या डिसेंबरात अंटार्क्टिकात उन्हाळा असतो, एवढं तरी बघा.

तिसरी ब च्या बाई: दादा, हिमकणाला नावं ठेवू नका. बर्फाचा स्फटिक षटकोनी, म्हणून त्याला सहा फाटे. कागद अर्धा, मग तीन भाग, मग परत अर्धा दुमडून कातरायचा. नुसता अर्धा-अर्धा दुमडणाऱ्याची चार नाहीतर आठ टोकं होतात, आणि ‘का बरं?’ म्हटलं की अख्खा वर्ग घड्या मोजायला लागतो. सममिती शिकवायला याहून स्वस्त साधन सांगा.

गड्डेकर: ठिपक्यांची रांगोळी. फुकट.

तिसरी ब च्या बाई: घ्या मग माझा वर्ग एक दिवस. रांगोळी सांडली की झाडायला तुम्हीच.

वैतागलेली आई: तुम्ही दोघं कशावरही भांडा, रात्री जागते मी. साडेनऊला आठवतं, ‘आई, उद्या प्रोजेक्ट आहे.’ दुकानं बंद. मागं एकदा थर्माकोलचं घर मागितलं होतं. सजावटीचं थर्माकोल राज्यात 2018 पासून बंद, शाळेला पत्ताच नाही! मी केलेल्या घराला ‘छान’ शेरा, आणि लेकीनं स्वतः काढलेल्या बैलाला ‘नीटनेटकेपणा हवा’.

मागवाला: चौकटीची वही द्या की पोरांना, सोलापुरी चादरीची नक्षी काढू द्या. जॅकार्ड मागाची डिझाइन आधी आलेख कागदावर अशीच चौकटी भरत काढायचे, आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. थंडी पण आली, गणित पण आलं.

पूर्वभाग: कुठली चादर बे? भौगोलिक मानांकन मिळालं, पुढं काय? सोलापुरी म्हणून पानिपतचा माल खपतोय. पोरगं नक्षी काढेल, बाप बाजारातून पानिपतची आणेल.

मागवाला: गिऱ्हाइकाला स्वस्त पाहिजे, त्याला माग काय करणार? सूत महाग, वीज महाग. कितीतरी कारखाने टॉवेलवर गेले, हौस म्हणून नाही गेले.

पूर्वभाग: हेच रडगाणं किती वर्षं ऐकायचं? दुकानदार आपलेच, त्या मालावर ‘सोलापुरी’ शिक्के मारणारे आपलेच.

मागवाला: नाव घेऊन बोला. आमच्या घरात माग अजून चालू आहे, शिक्का मारलेला नाही. दहा तास उभं राहून बघा, मग शिकवा.

तिसरी ब च्या बाई: अहो, तिसरीच्या हस्तकलेचं चाललं होतं! बरं, चौकटीची नक्षी घेते. उदार होऊन पट्टकादंबही घेते. हिमकण मात्र राहणार.

गड्डेकर: राहू द्या. पेंग्विन तेवढा वगळा.

वैतागलेली आई: आणि काय ते वर्गातच करून घ्या, घरी पाठवू नका.

पूर्वभाग: मागवाले, खरी चादर कुठं मिळते ते सांगा आधी. वाद नंतर घालू.