बँकेत खातं नाही : अडाणीपणा की रोकडा हिशेब?

गोदाकाठ (धागाकर्ता)

"आता कुणाचं खातं नाही म्हणता? भाजीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड असतो." शहरात हे सर्रास ऐकू येतं. आकडेही त्याच बाजूचे. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि २०२३ पर्यंत खाती पन्नास कोटींच्या वर गेली. जागतिक बँकेच्या फिनडेक्स पाहणीनुसार २०११ साली भारतातल्या ३५ टक्के प्रौढांकडे खातं होतं, २०२४ साली ८९ टक्क्यांकडे. मग उरलेल्यांना अडाणी, संशयी नाहीतर काळा पैसावाले ठरवलं की आपण मोकळे.

मला हे पटत नाही. जो खातं काढत नाही, किंवा काढून त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो बहुतेक वेळा हिशेब करूनच तसं वागतो. आणि त्याचा हिशेब चुकलेला नसतो.

आमच्या बीडकडचं बघा. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. टोळीचा मुकादम सीझनच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी देतो, ती रोख. ती घरात थांबतच नाही. किराण्याची उधारी, दवाखाना, लग्नात झालेलं देणं, मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना ज्वारी. पुढचे पाच-सहा महिने फडात ती उचल फेडायची, हातात येते फक्त खर्ची, रोजच्या खाण्यापुरती. बँकेत ठेवण्याजोगा पैसा या माणसाकडं वर्षात असतो कधी? उचल हातात पडल्यावर फार तर चार दिवस. त्यात बँक तालुक्याला आणि तो कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर बेळगावात.

तरी अनेकांचं खातं असतं, शिबिरात काढलेलं. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून ते निष्क्रिय होतं. चालू करायचं तर केवायसी. आधारवर जन्मसाल एक, मतदार कार्डावर दुसरं. जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. बोटांचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. वर "सर्व्हर डाउन आहे, उद्या या". ते म्हणायला कुणाचं काही जात नाही. रोजंदारीवाल्याची मात्र त्या एका उद्यात हजेरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि सही येत नसली तर सोबत आणलेल्या माणसाचीही हजेरी जाते.

दंडाचं वेगळंच. सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लक नाही म्हणून सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये कापले, हे लोकसभेत सरकारनंच सांगितलंय. ज्याच्याकडं पैसा नाही त्याला पैसा नसल्याचा दंड! अशा दुकानात पाय न ठेवणारा अडाणी कसा?

काउंटरपलीकडून

असहमत. हयात बँकेत गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट दंडाची. तो साडेआठ हजार कोटींचा आकडा साध्या बचत खात्यांचा आहे. जनधन किंवा बेसिक बचत खात्याला किमान शिल्लकेची अटच नाही. महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. खातं निष्क्रिय झालं तरी त्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही शुल्क नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ऊसतोड्याच्या गोष्टीत तो दंड घुसडू नका.

दुसरं म्हणजे, रोखीत जगण्याची किंमत तुम्ही मोजलीच नाही. मुकादमाने दिले ऐंशी हजार आणि वहीत लिहिले एक लाख, तर? कोऱ्या कागदावरचा अंगठा त्याच्याकडे. सीझन संपताना "अजून इतके फिटायचेत" म्हणाला की पुढच्या वर्षीही त्याच्याच टोळीत. हेच पैसे खात्यावर आले असते तर पासबुकात तारखेसकट नोंद असती. गरिबाच्या बाजूने बोलणारा कागद दुसरा कुठला आहे त्याच्याकडे?

"उद्या या" बद्दल : होतं असं, नाकारत नाही. पण एका खिडकीवर पेन्शन, पीककर्ज, शिष्यवृत्ती, विमा आणि आता सगळ्या सरकारी योजना. जनधन खाती दहा वर्षांची झाली तशी त्यांची केवायसी एकदमच अंगावर आली. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरात त्यासाठी ग्रामपंचायतींत शिबिरं घेतली गेली. माणसं तेवढीच, किंबहुना कमी.

चिंचगुळ

गोदाकाठ, तुमच्या हिशेबात कोयता एक आहे. त्यातली बाई कुठाय?

उचल दोघांच्या कामाची, घेतो नवरा. फडात ती त्याच्याइतकीच मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून ट्रॉलीत टाकते, वर पहाटे उठून भाकरी. पैसा रोख असला की तो कुणाच्या खिशात जातो आणि तिथून कुठल्या दुकानात जातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, महिना १५०० रुपये, अट अशी की खातं तिच्या नावाचं आणि आधार जोडलेलं हवं. त्या पावसाळ्यात बँकांपुढच्या रांगा आठवा. त्यातल्या कितीतरी बाया स्वतःच्या नावाच्या पैशासाठी पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या. त्यांना कुणी सांगावं, की तुमचा रोखीचा हिशेबच बरोबर होता?

"हिशेब करून" खातं नको म्हणणारा तो पुरुष आहे. बाईला विचारलंत का?

रानफूल

चिंचगुळताई, अर्धं पटलं.

बायका पैसे तांदळाच्या डब्यात ठेवतात ते का? घरात कुणाला कळू नयेत म्हणून. खात्याचा मेसेज जातो नवऱ्याच्या मोबाइलवर, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, पिन मुलाला पाठ. पैसे जमा झाल्याचं तिच्या आधी घराला कळतं. नोटाबंदीत हेच झालं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर बायकांनी वर्षानुवर्षं लपवलेल्या पाचशेच्या नोटा नवऱ्यासमोर काढाव्या लागल्या. ते पैसे त्यांना परत दिसले का, विचारा. माझ्या आत्याला आजही बँक म्हटलं की तेच आठवतं.

घाऊक_किरकोळ

बँकवाले दारात येत नाहीत, पिग्मीवाला येतो. माझ्या शेजारचा चप्पल शिवणारा रोज पन्नास रुपये पतसंस्थेच्या पिग्मीत टाकतो. व्याज नावाला, मुदतीआधी काढले तर कापून देतात, सगळं माहीत आहे त्याला. तरी टाकतो, कारण एजंट संध्याकाळी दुकानापुढे उभा राहतो आणि नावाने हाक मारतो. राष्ट्रीयीकृत बँकेत त्याचं खातं नाही. हवंय कशाला?

काउंटरपलीकडून

@घाऊक_किरकोळ : पतसंस्था बुडाली की मग कळेल कशाला ते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही.

शनिवारवाडा_मागे

विम्याचं आम्हा पुणेकरांना सांगू नका हो. रुपी बँकेवर २०१३ ला निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ ला. मधली नऊ वर्षं लोक स्वतःचे पैसे मागत फिरत होते. पीएमसी बँकेत तर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्या दिवशी पैसे काढायची मर्यादा किती होती? एक हजार रुपये! विमा एक लाखाचा पाच लाख झाला तो त्यानंतर, २०२० मध्ये.

गोदाकाठ

शनिवारवाडा, तुमचं दुःख खरं, पण ते ठेवी असणाऱ्यांचं. इथं विषय ठेवायलाच काही नसणाऱ्यांचा आहे.

काउंटरपलीकडून, बेसिक खात्याचं तुम्ही नियमाप्रमाणं बरोबर सांगितलंत. पण शाखेत जाऊन "साहेब, मला बिनशिलकीचं खातं द्या" असं ठणकावून मागणारा माणूस तालुक्याला येतो तेव्हा तो ऊसतोड्या नसतो, शिक्षक असतो. बाकीच्यांपुढं जो फॉर्म सरकवला जातो त्यावर अंगठा उठतो. पुढं दंड कापला की त्याला एवढंच कळतं, की बँकेत ठेवलेले पैसे कमी होतात. जावयाला, मेव्हण्याला, साऱ्या वस्तीला तो तेच सांगतो.

आणि खाती किती निघाली हे सगळे सांगतात, वापरात किती ते कुणी सांगत नाही. त्याच फिनडेक्सच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या खातेदारांपैकी ३५ टक्क्यांनी वर्षभरात खात्याला हातच लावला नव्हता. २०२४ ला ते प्रमाण बरंच खाली आलंय, हेही सांगतो. नाहीतर तुम्ही सांगालच.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून. अमेरिकेतही ही माणसं आहेत, हे इथे येईपर्यंत मला खरं वाटलं नसतं. इथल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एफडीआयसीच्या, २०२३ च्या पाहणीत ४.२ टक्के घरांत, म्हणजे सुमारे ५६ लाख कुटुंबांत, एकाचंही बँक खातं नाही. कारण विचारलं तर सर्वांत वर काय? किमान शिल्लक ठेवण्याइतके पैसे नाहीत. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चेक वटवून देणारं दुकान आहे, पगाराच्या चेकमधून टक्केवारी कापून रोख देतात. शुक्रवारी तिथे रांग असते. त्या रांगेतल्यांना अडाणी म्हणायची माझी तरी छाती नाही.

पालावरचा

कागदाचं कुणी बोललंच नाही. पारध्यांच्या पालावर जा. घर नाही म्हणून रहिवासी दाखला नाही, तो नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून खातं नाही, आणि खातं नाही म्हणून घरकुलाचा हप्ता नाही. हिशेब करायची पाळी येतेच कुठं त्यांच्यावर?

काउंटरपलीकडून

@पालावरचा : कागद नसलेल्यांसाठी 'छोटं खातं' आहे. फोटो आणि अंगठा पुरतो. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला दहा हजार काढता येतात.

पालावरचा

आहे ना. कागदावर आहे. ते उघडून देणारी शाखा सांगा, उद्या दहा माणसं घेऊन येतो.

टोळीवाला

एवढ्या वेळ वाचत होतो. आमच्या घरात मुकादमकी आहे, म्हणून लिहितो. शिव्या द्यायच्या त्या द्या.

उचल खात्यावर टाका म्हणणं सोपं आहे. दोन-तीन जणांना टाकून बघितली. एकाचं जुनं पीककर्ज थकलेलं, बँकेनं पैसे आले तसे होल्ड केले. तो रडत आमच्याच दारात. लाडकी बहिणीच्या पहिल्या हप्त्यालाबी काही बँकांनी तेच केलं होतं, मग सरकारला सांगावं लागलं की कापू नका. उचलीसाठी कोण सांगणार? थकबाकीदार माणूस खात्याला भितो ते एवढ्यासाठी. ऐंशीचे लाख लिहिणारे मुकादम आहेत, नाही कोण म्हणतं? पण पैसे बुडवून पळालेल्या टोळ्याबी आहेत, त्यावर धागा कुणी काढत नाही.

चिंचगुळ

टोळीवाले दादा, मग एक करा. उचल जोडप्यातल्या दोघांच्या खात्यावर अर्धी-अर्धी टाका. पीककर्ज नवऱ्याच्या नावावर असतं, बाईच्या नावावर जमीनच नाही तर कर्ज कुठून असणार? तिचे पैसे बँक होल्ड करायची नाही. आणि रानफूल, मेसेज तिच्याच फोनवर यायची सोय करणं अवघड नाही, बचत गटात आम्ही हेच काम आधी करतो.

टोळीवाला

ताई, टाकायला माझी ना नाही. पण आमच्या टोळीतल्या निम्म्या बायांची खाती माहेरच्या गावात, माहेरच्या नावानं. आधार सासरच्या नावाचं. नाव जुळत नाही म्हणून पैसे जातबी नाहीत.

काउंटरपलीकडून

त्यात अवघड काही नाही. विवाह नोंदणीचा दाखला जोडून अर्ज द्यायचा, नाव बदलून मिळतं. गॅझेटही चालतं.

चिंचगुळ

काका, कोयता जोडीनंच लागतो म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न लावलेल्या मुलीला विवाह नोंदणीचा दाखला कुठली ग्रामपंचायत देते, तेवढं सांगा. उद्याच अर्ज देते.