शब्दचर्चा: दार करकरतं की कुरकुरतं? भयपटाच्या सुरुवातीची ध्वनियादी

सायली: कॉलेजच्या लघुपटाची पहिली ९० सेकंदं. रात्री वाड्याचं दार उघडतं, मुलगी जिना चढते. ध्वनियादीत 'दाराचा भीतीदायक आवाज' असं लिहिलंय. नेमका शब्द कोणता? आणि मागे सलग घुमणाऱ्या 'ड्रोन'ला संगीत म्हणायचं की ध्वनिपरिणाम?

खर्जातला: 'भीतीदायक' आधी खोडा. त्यातून रेकॉर्ड करणाऱ्याला काहीच कळत नाही. जड दार सावकाश उघडताना करकरतं. फळी किंवा खाट भार पडला की कुरकुरते, आवाज बारीक आणि तुटक. कडी खडखडते. किर्र रातकिड्यांचं, ते सलग.

करकर हवी असेल तर बिजागरीला तेल लावू नका आणि दार अगदी हळू ढकला. धातू अडकतो-सुटतो म्हणून तो आवाज येतो. वेग वाढला की स्वर चढतो, मग भीतीऐवजी हसू येतं. माइक बिजागरीपासून वीतभर. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. पावलांचा आवाज मात्र नंतर पडद्यावर चित्र बघत करायचा. ती फोली. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलींवरून हे नाव पडलं.

नीरव: ड्रोन म्हणजे धरून ठेवलेला सूर, सनईच्या साथीला असतो तसा. वाद्यावर वाजवला तर पार्श्वसंगीत. पंख्याची घरघर ताणून केला तर ध्वनिपरिणामात लिहा. सा आणि तीव्र मध्यम एकत्र धरून बघा, अस्वस्थपणा लगेच येतो. फक्त ४० हर्ट्‌झच्या खोल सुरावर विसंबू नका. लॅपटॉप-मोबाइलच्या स्पीकरवर तो जवळपास ऐकूच येत नाही. वर ८० आणि १६० हर्ट्‌झचे थर द्या.

खर्जातला: 'शांतता' या शब्दाचाही घोळ होतो. संकलक ट्रॅक म्यूट करतो आणि प्रेक्षकाला वाटतं, आवाज गेला. यादीत 'रूम टोन' लिहा. फ्रिज-पंखे बंद करून, सगळ्यांना गप्प उभं करून त्याच खोलीचा मिनिटभर आवाज घ्या, सामान आवरण्याआधी. दचकवणाऱ्या ठोक्याला स्टिंगरच म्हणा, सेटवर तोच शब्द चालतो. ९० सेकंदांत एकच. त्याच्या आधी दीड-दोन सेकंद ड्रोन काढा, नाहीतर ठोका बोथट होतो.

सायली: नेटवरचे तयार आवाज चालतील?

नीरव: परवाना वाचून. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या वापराचे परवाने. सीसी-झीरोला श्रेय द्यावं लागत नाही, सीसी-बायला द्यावंच लागतं. परवान्यात एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापर नाही; पुढे चित्रपट विकायचा विचार असेल तर तो आवाज आत्ताच वगळा.

सायली: मग ओळ अशी: '०:४२, दार, जड, सावकाश करकर, ३ सेकंद, ड्रोन ०:४० ला बंद, रूम टोन चालू.'

खर्जातला: पक्की. जिन्याला 'पायऱ्या कुरकुरतात' लिहू नका. कितवी पायरी ते लिहा. एकच कुरकुरू दे.