विषय: नाताळात कोकण, मुलांना पाण्यात कुठे उतरवायचं?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आठ दिवस गुहागर, गणपतीपुळे आणि तारकर्ली असा बेत आहे. मुलं 7 आणि 11 वर्षांची, दोघांनाही पोहता येतं. इथे सिडनीत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. तिकडे बहुतेक किनाऱ्यांवर झेंडे नसतात, मग सुरक्षित जागा ओळखायची कशी? सासूबाई म्हणतात, समुद्र लांबूनच बघा. पण एवढ्या लांब येऊन मुलांना कोरडंच परत न्यायचं, हे जिवावर येतं. काका, तुम्ही आता गुहागरलाच असता, तुम्हीच सांगा.

*

अगं, बरं झालं आधी विचारलंस.

गणपतीपुळ्याचं आधी सांगतो, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. दर्शन घ्या, डोंगराला प्रदक्षिणा घाला, वाळूत खेळा, पण पोहायला उतरू नका. किनारा एकदम उतरता आहे. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे गेलं की पाणी छातीला लागतं, आणि लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते. पाट्या लावलेल्या आहेत, तरी माणसं जातातच.

बाकी किनाऱ्यांना मी नावानिशी प्रशस्तिपत्र देणार नाही. मालवणजवळची वायरी तारकर्लीला अगदी लागून आहे. तारकर्ली म्हणजे सगळ्यांचा लाडका, सपाट, नितळ पाण्याचा किनारा. त्याच पट्ट्यात एप्रिल 2017 मध्ये बेळगावहून सहलीला आलेले 8 विद्यार्थी बुडाले. मुरुड-जंजिऱ्याच्या मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याचे 14 विद्यार्थी बुडून गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. म्हणून जागेइतकीच वेळ बघायची.

तुझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेलच. त्या दिवसाची तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. ओहोटी तिच्या आधी-नंतर सहा-सवासहा तासांनी. हा हिशेब मुंबईचा. आमच्याकडे आणि खाली मालवणला भरती थोडी आधी येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. मुलांसाठी वेळ निवडायची ती ओहोटी संपून भरती लागल्यावर तास-दीड तासाने. पाणी तेव्हा किनाऱ्याकडे येत असतं. ओहोटी चालू असताना उतरायचंच नाही. पुनवेला-अवसेला उधाण असतं, त्याच्या आगेमागे दोन दिवस फक्त पाय भिजवा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. जमलं तर पोहण्याचे दिवस तेच ठेवा.

आता जागा. गेल्या गेल्या पाण्याकडे धावू नका. सुरूच्या झाडाखाली दहा मिनिटं नुसतं बसून लाटा कुठे फुटतात ते बघा. पांढरा फेस होतो तिथे खाली वाळूचा उंचवटा, म्हणजे पाणी उथळ. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा दिसला, तर किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत आत जात असतं. तुम्ही तिकडे ज्याला रिप म्हणता तेच, आम्ही नुसतं 'ओढ' म्हणतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण सगळ्यात शांत पाणी तेच दिसतं. मुलांना हा पट्टा किनाऱ्यावरूनच बोट दाखवून ओळखायला लावा. आणि सापडलंच कुणी, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करायचा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. वाचवायला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने उडी टाकू नये. बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, दोरी, जे असेल ते फेकायचं आणि 112 ला फोन करायचा.

खाडीचं तोंड कुठलंही असो, वर्ज्य. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम होडीतून बघा, फार सुंदर आहे. पण ओहोटीला खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडतं, तिथे डुंबायचं नाही. हेदवीची बामणघळही लांबूनच. भरतीच्या वेळी कातळाच्या चिरेतून पाणी कसं उसळतं ते बघण्यासारखं आहे, पण फोटोसाठी कडेला जाऊ नका.

*

काकांना जोडून एक. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दापोलीकडे होतो. सकाळी समुद्र अगदी तळ्यासारखा, म्हणून माझ्या भाचीला हवेच्या रिंगमध्ये बसवलं. मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडे. डोळ्यादेखत रिंग आत चालली. भावाने पोहत जाऊन धरली, तेव्हा तो गळ्यापर्यंत पाण्यात होता. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. रिंग, हवेची गादी असलं काही नेऊ नकोस. आणि ओढणी-साडीवर पाण्यात उतरू नकोस, भिजलं की पायात गुंतते.

*

वहिनी, रिंगचं मला सुचलंच नसतं, ती आता घरीच राहील. काका, एक राहिलं. स्थानिकांना विचारायचं म्हणजे नक्की कुणाला? हॉटेलवाल्यांना?

*

हॉटेलवाला भला असतो, पण रोज पाण्यात उतरतोच असं नाही. जिथे जीवरक्षक असेल तिथे आधी त्याला विचारायचं. मालवणकडे रापण ओढणारे भेटले तर त्यांना. त्यांचं जाळं तळावरून घासत येतं, त्यामुळे खड्डा कुठे आणि कातळ कुठे हे त्यांना पायांनी ठाऊक असतं. "आज पाणी कसं आहे?" एवढंच विचारायचं. त्यांनी मान हलवली तर मुलांना वाळूचा किल्ला करायला बसवायचं.

गुहागरला मी असेनच. पोरांना वाळूत पाय घासत चालायला शिकवतो. उथळ पाण्यात पाकट, म्हणजे तुमचा स्टिंगरे, वाळूखाली बसलेली असते, पाय घासत गेलं की ती आपणहून निघून जाते, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. थर्मासमध्ये गरम पाणी मी घेऊन येईन. तुम्ही पोचायच्या दिवशीची तिथी तेवढी कळव.